मास्तरांचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी पन्नाशीपर्यंत कोपऱ्यावरचं दूधही गाडीनेच आणलं. मग डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि देवाच्या मनात काय आलं कोण जाणे, माणसाला चालण्याचं वेडच लागलं. आता त्यांना चार दिवसांच्या डोंगरवाटेवर जायचं होतं.

बायको म्हणाली, "आधी मला टेकडीवर न्या. गुडघे कुरकुरले, तर जाणं रद्द."

चढताना मास्तर अगदी हरीण. उतरताना मात्र बायको पुढे आणि हे मागे, तशी शिकाऊ माणसाशेजारी बसून जडलेली सवय उफाळून आली. ती पाऊल टाकायची आणि यांचा पाय आपसूक ब्रेक दाबायचा.

"हळू. वळण आहे. आरशात बघा."

"कुठल्या आरशात?" बायकोने वळून विचारलं, तोवर हवेतला ब्रेक दाबून मास्तरांनी बसकण मारली होती.

"गुडघे?"

"ठणठणीत आहेत. लागलंय ते दुसरीकडे."

बायकोला हसू आवरेना. "जा खुशाल. पण तिथे सगळ्यांच्या पुढे चाला, म्हणजे ब्रेक दाबायला कुणी दिसणार नाही."

मास्तरांनी मागची माती झटकली आणि तिला मागे टाकून लगेच सराव सुरू केला.