पातेलं खाली कर

घरी साबण केला की खरी कटकट नंतरची असते. पातेल्याला, चमच्याला चिकटलेला कच्चा साबण हाताला झोंबतो. म्हणून सगळं आधी रद्दी पेपरने पुसायचं आणि भांडी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहू द्यायची. मग गरम पाण्याने चकाचक निघतात. पण आमच्या देवासच्या घरात भांडी उद्यावर टाकलेली सासूबाईंना खपत नाहीत. साबणाचं कसलं आलंय खरकटं? पण सांगणार कोण!

त्या दिवशी साच्यांत साबण ओतून मी ओटा पुसत होते. दुसऱ्या घाण्यासाठी कालवलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणी स्टीलच्या पातेल्यात निवत होतं. सासूबाई आल्या, ओट्यावर ते पाहून नाक मुरडलं. म्हणाल्या, "सूनबाई, आधी ते पातेलं खाली कर."

मी इकडच्याच, मध्य प्रदेशातल्या धार गावची. घरात मराठी, पण शाळा, मैत्रिणी, बाजार सगळं हिंदी. आमच्याकडे बादली खाली करायची म्हणजे रिकामी करायची. जीव हळहळला, पण दिलं मोरीत ओतून. त्यांना म्हणायचं होतं, खाली जमिनीवर ठेव.

मोरीत सासऱ्यांचा ॲल्युमिनियमचा डबा होता. जन्मभर तो घेऊन ते कारखान्यात गेले. दर वर्षी त्यांच्या तिथीला सासूबाई त्यात पोळी-भाजी भरून गाईला नेतात. उद्या तिथी, म्हणून त्यांनीच तो घासायला टाकला होता, मला न सांगता. कॉस्टिक पडलं आणि डबा फसफसायला लागला. धावत जाऊन नळ सोडला, पण काय उपयोग? डबा काळाठिक्कर पडला, झाकणावर कोरलेलं नाव गेलं.

सासूबाई रडल्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू! पण त्या म्हणाल्या काय, तर "हिला मराठीच येत नाही." अहो, गणपतीत सगळ्या आरत्या मी न बघता म्हणते, आणि मला मराठी येत नाही? नवरा म्हणाला, "जाने दो ना यार." तो मात्र अस्सल मराठी!

तेव्हापासून सासूबाई माझ्याशी हिंदीत बोलतात. गुरुजींशी मराठी, लेकाशी मराठी, भाजीवाल्याशी माळवी, आणि मला, "बहू, बर्तन नीचे रख दो." आवाजात राग नाही, काही नाही. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. मी हट्टाने मराठीतच उत्तर देते. लेकीशीही मराठीतच बोलते, तिला तरी उद्या कुणी परकी म्हणू नये.

परवा अंगणातल्या नळावर साबणाची भांडी धूत होते. आता तो सगळा पसारा बाहेरच असतो. मदत करायला म्हणून लेकीने कॉस्टिकचं पातेलं उचललं.

"नीचे रख!" मी ओरडले. "नीचे, नीचे!"

तिने ठेवलं. आतून सासूबाईंचा आवाज आला. लेकाला सांगत होत्या, "ऐकलंस? मी काय खोटं बोलत होते?"