वाकडी पाकळी

"एवढी एक पाकळी सरळ करा, बाकी जाळी छान आहे," माझ्या पुढचे गृहस्थ वर्कशॉपच्या मालकांना म्हणाले.

मी खिडकीच्या ग्रिलचं माप द्यायला आले होते. सहज कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या जाळीच्या नक्षीकडे पाहिलं. ती माझ्या आईची रांगोळी होती. आई गेल्यावर तिच्या शेवटच्या रांगोळीचा फोटो मी इथेच दिला होता, आमच्या दारासाठी पत्र्यात तशी एकच जाळी कापून घ्यायला.

"ही फार चालते हो," मालक त्यांना सांगत होते. "निम्म्या कॉलनीच्या दारांना हीच आहे."

भिंतीला तशाच सहा जाळ्या टेकून ठेवल्या होत्या. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मला पटकन बोलता येत नाही.

पलीकडे मशीन सातवी जाळी कापत होतं. ठिणगी रेघेवरून सरकत त्या पाकळीपाशी आली आणि तिथे वाकडी वळली. ती रांगोळी काढताना, त्या सकाळी, दूध उतू चाललं म्हणून आई मध्येच उठली होती, आणि परत येऊन तिने ती पाकळी घाईघाईत ओढली होती. मशीनला कसली आलीय घाई? तरी आईची घाई ते दर वेळी जशीच्या तशी गिरवत होतं. आमच्या घरातली ती सकाळ किती अनोळखी दारांवर जाऊन बसली होती.

मला राग यायला हवा होता. पण मालकांनी माउस हातात घेतला, ती पाकळी निवडली, आणि मी म्हणाले, "काका, ती सरळ करू नका. माझ्या आईने काढलीय."