लांडगीची दरड

माझे वडील भूमजवळच्या माळावर जन्मभर मेंढरं चारत आले. लांडग्यानं वर्षाकाठी एखादं कोकरू नेलं तरी त्यांनी कधी विष घातलं नाही.

गेल्या होळीला मी माहेरी गेले, तेव्हा ते मला ओढ्यावर घेऊन गेले. पलीकडच्या दरडीत लांडगीचं बीळ होतं. तोंडाशी तीन पिल्लं एकमेकांचे कान चावत होती. आम्ही अलीकडंच बसलो.

"आता ह्ये बघ," वडील म्हणाले. आमच्या पायाशी, गोट्यांच्या थरात, मांडीएवढं जाड हाड रुतलं होतं. पार दगड झालेलं. शेजारी दोन्ही अंगांनी छिलून धार काढलेला एक दगड. वडिलांनी तो मुठीत धरला, तर अंगठा नेमका खोबणीत बसला.

"कुणीतरी घडवलाय, माय. हितं बसून जनावर सोललं आसंल."

"एवढं मोठं जनावर इथं कुठं होतं?"

"व्हतं. गेलं."

जाणत्या माणसाला दाखवू म्हणून मी फोटो काढला, दगड होता तिथंच ठेवायला लावला. मग माझ्या शाळेत परीक्षा आल्या आणि ते राहून गेलं.

दोन आठवड्यांनी वडिलांचा फोन आला. "दरड न्हाय राहिली." रस्त्याला मुरूम हवा होता. मशीन आलं तेव्हा ते आडवे गेले होते. "आत पिल्लं हायती. दोन दिस थांब."

"मामा, मी थांबलो तर दुसरा येईल," ड्रायव्हर म्हणाला. वडील सरपंचांना आणायला गावात पळाले. परत येईपर्यंत दोन्ही काठ गेले होते.

मी पोचले तेव्हा ते हातानं ढिगारा उपसत होते. एकच पिल्लू सापडलं, तेही मेलेलं. लांडगी तीन दिवस संध्याकाळी खड्ड्याच्या कडेला येऊन उभी राहायची. चौथ्या दिवशी आली नाही.

मे महिन्यात मी तो फोटो धाराशिवला जुन्या वस्तूंच्या एका अभ्यासक बाईंना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "जागा दाखवता?" जागाच राहिली नाही, मी म्हणाले. "मग दगड तरी?" तोही नव्हता.

संध्याकाळी वडिलांनी फोनवर विचारलं, "काय म्हणल्या?"

"उशीर झाला म्हणाल्या."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.