रेडिएटरमधला कोंडा

तुमसरातल्या एका मोटार मिस्त्रीने माझ्या गाडीचं इंजिन घालवलं, असं मी कित्येक वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. इंजिन मी घालवलं, आणि मिस्त्रीलाही मीच घालवलं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. माझी छोटी राइस मिल होती आणि जुनी, तिसऱ्या हाताची मोटार. गावात मिस्त्री निवडणं हे कोणा एकट्याचं काम नव्हतं. आम्ही मिलवाले सकाळी एकाच टपरीवर चहा घ्यायचो, आणि तिथे ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे सगळ्यांच्या गाड्या जायच्या. त्या काळी या मिस्त्रीचं नाव होतं.

हात सोन्याचा, पण माणूस वैताग आणणारा. गाडी ठेवून जाऊ द्यायचा नाही. मालकाने समोर बसलंच पाहिजे. जुन्या टायरवर गोणपाट टाकून तो आम्हाला बसवायचा आणि प्रत्येक नट काढून दाखवायचा. मी चिडायचो. "अरे बाबा, मले मिल हाय! धान येऊन पडलं!"

"धान कुठं पळून राहिलं सेठ? बसा. मांगून कोणी म्हणू नये का मिस्त्रीनं पुर्जा बदलला."

एकदा रेडिएटर गळू लागलं. मी तीन तास त्या टायरवर बसलो. त्याने कथील लावून भोक बुजवलं, रेडिएटर पाण्याच्या टाक्यात बुडवलं, हवा भरली आणि मला वाकून बघायला लावलं. एकही बुडबुडा नव्हता. मग म्हणाला, "खालचा रबरी पाइप सडला हाय. नागपूरहून आणतो. चार दिवस लांब जाऊ नोका."

दुसऱ्याच दिवशी मला भंडाऱ्याला कचेरीत जायचं होतं. पाइप ठिबकतच होता. शेजारचा मिलवाला हसला. "भाऊ, कायले मिस्त्रीची वाट पाहून राहिला? मूठभर कोंडा टाक रेडिएटरमंदी. फुगते अन् गळणं बंद. आमचा ट्रक असाच चालते." आमच्या गावात कोंड्याला काय तोटा? माझ्या मिलच्या मागे ढीग लागलेला. एका मुठीने गळणं थांबत असेल तर तीन मुठींनी पक्कं थांबेल, असा मी हिशेब केला. कसला हिशेब आणि कसलं काय!

मोहाडीच्या पुढे बॉनेटमधून वाफ निघाली. थांबायला हवं होतं. पण साहेब जेवायला उठण्याआधी पोहोचायचं होतं, म्हणून मी गाडी तशीच दामटली. थोड्याच वेळात इंजिन जाम झालं. ओळखीचा एक ट्रक येत होता, त्याच्या ड्रायव्हरने दोर बांधून गाडी भंडाऱ्याच्या एका गॅरेजपर्यंत ओढली.

तिथल्या माणसाने खालचा पाइप सोडला, तर पांढरट लगदा भदाभदा पडला. "सेठ, पेज शिजवली का याच्यात? कोणी टाकलं हे?"

ट्रकचा ड्रायव्हर हसत होता. मला लाज वाटली. माझ्या तोंडून निघालं, "आमच्या मिस्त्रीनं."

दोन शब्द. मी बसने घरी पोहोचायच्या आत ते ट्रकमधून तुमसरात पोहोचले होते. दुसऱ्या दिवशी टपरीवर निकाल लागलेला होता: आता गाड्या भंडाऱ्याला न्यायच्या.

मिस्त्री टपरीवर आला. हात पुसत उभा राहिला. "सेठ, तुमी समोर बसले होते. बुडबुडा निघाला होता का? कोंडा टाकला होता का म्या? सांगा या लोकाइले."

सगळे माझ्याकडे पाहत होते. कोंड्याचा सल्ला देणारा शेजारी कपात पाहत होता.

"मी काय मिस्त्री हाय?" मी म्हणालो. "मले काय समजते त्यातलं?"

"बरं," एवढंच म्हणून तो गेला.

पुढे भंडाऱ्याच्या गॅरेजांनी मला आठ-आठ दिवस हेलपाटे घालायला लावले. एकाने ब्रेक नीट केले आणि डायनामो बिघडवला, दुसऱ्याने निम्मे बोल्ट परतच लावले नाहीत. मी शिव्या देत राहिलो, पण त्याच्याकडे जायचं तोंड नव्हतं. त्याला गावात 'कोंडा मिस्त्री' म्हणू लागले. दोन वर्षांत त्याने दुकान बंद केलं आणि आंबागडकडे सासुरवाडीला जाऊन शेतातली ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागला.

ऐंशीच्या दशकात एकदा मी तिकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. तो बांधावर इंजिन खोलून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मले काय सांगता सेठ? मले तं माहीतच हाय. त्याइले सांगा."

मी परत आलो आणि कोणालाही सांगितलं नाही. आज टपरीवरच्या लोकांपैकी माझ्याशिवाय एकही उरलेला नाही. मिस्त्रीही गेला. त्याच्या नातवांना मात्र बाजारात अजून 'कोंडा मिस्त्रीचे' म्हणतात.

हे लिहिलेलं मी शेजारच्या मिलवाल्याच्या मुलाला वाचून दाखवलं. तो वैतागला. "काका, आता कायले उकरून राहिले? आमच्या बाबाचंही त्याच्यात येते."

त्याच्या बाबाचं नाव मी घातलेलं नाही, कोणाचंच नाही. पण ते दुकान ज्यांनी पाहिलं, त्यांच्या घरांत हा मिस्त्री कोण ते बरोबर ओळखतील. छापायला मी हे तसंच पाठवतो आहे.