अळूखालची तार

अमेरिकेतल्या हर्नडन शहरातली नोकरी संपवून आम्ही दोघं नवराबायको या लहान गावात राहायला आलो, तेव्हा मला हवी होती फक्त अळू लावण्यापुरती ओली जमीन. ती मिळाली रेडिओच्या टॉवरपाशी. गावाचं एएम स्टेशन म्हणजे दोन खोल्यांचं घर, मागे उंच टॉवर आणि टॉवरभोवती कुंपण. कुंपणाबाहेरचं ओलसर रान स्टेशनच्या मालकांनी गावकऱ्यांना भाजीपाल्यासाठी दिलं होतं. अट एकच, वीतभरापेक्षा खोल खणायचं नाही.

मालक ऐंशीचे. स्वतःच निवेदक, स्वतःच झाडूवाले. दिवसभर जुनी, संथ गाणी लावायचे, आमच्या जन्माच्याही आधीची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण वाफ्यात काम करताना माझा ट्रान्झिस्टर चालू असायचा. चार वाजता ते एक गाणं न चुकता बायकोसाठी लावत. ती डोंगरापलीकडच्या नर्सिंग होममध्ये होती. अर्धांगवायूने तिची वाचा गेली होती. गाणं लागलं की तिची बोटं टेबलावर ताल धरायची आणि नर्स फोन करून तसं कळवायची. नवराबायकोत एवढंच बोलणं उरलं होतं.

अमेरिकन माणूस उगीच प्रत्येक गोष्टीला घाबरतो, असं माझं ठाम मत. वीतभर मातीत अळू कसं यायचं? मी चांगलं हातभर खणलं. तांब्याच्या तारा लागल्या, हिरव्या पडलेल्या, लांबच लांब. कुणीतरी पुरलेलं भंगार असणार. मी त्या ओढून काढल्या, पकडीने तोडल्या आणि दोडक्याला झकास मांडव केला.

दोन आठवड्यांनी मालक माझ्या वाफ्यापाशी आले. चेहरा पार उतरलेला.

"हल्ली फोन येत नाही," ते म्हणाले. "मीच विचारलं, तर नर्स सांगते, नुसती खरखर ऐकू येते. चार वाजले की बायको रेडिओकडे बघत बसते."

तेवढ्यात आमचे हे चहाचा थर्मास घेऊन आले. हे विजेचे इंजिनिअर. मांडवाकडे बघून जागीच थांबले.

"अगं, ही वायर कुठून काढलीस?"

"खालून. भंगार होतं ते."

"भंगार? अख्खी ग्राउंड सिस्टिम डिस्कनेक्ट केलीस यार!"

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला पहिल्यांदाच 'यार' म्हटलं. मग त्यांनी समजावलं. टॉवर ही अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी जमिनीत, टॉवरच्या पायथ्यापासून चहूकडे गेलेल्या तारांची. बऱ्याच तारा आधीच झिजून तुटलेल्या. डोंगराच्या बाजूच्या तेवढ्या धड होत्या, त्या मी काढल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मांडवाला नुसता हात लावला. "माझ्या वडिलांनी पुरल्या होत्या," म्हणाले.

तीन दिवस आम्ही तिघं त्या मातीत होतो. हे तारांना डाग देऊन जोडत, मी गुडघ्यावर बसून वर माती लोटत होते. रेडिओ हा सगळा आभाळाचा कारभार, असं मी जन्मभर समजत आले. आणि इथे गांडुळांच्या शेजारून गाणं निघत होतं, डोंगर ओलांडून एका मुक्या बाईच्या बोटांपर्यंत पोचत होतं. शेवटच्या दिवशी मी चपला काढून ठेवल्या. त्या जमिनीवर चपलेने चालवेना.

चार वाजता आम्ही स्टुडिओत उभे होतो. गाणं लागलं. अर्ध्यावर आलं तरी फोन गप्प. माझ्या हातांची माती वाळत चालली होती.

मग फोन वाजला. मालकांनी स्पीकर लावला. नर्स बोलली नाही, तिने फोन टेबलावर ठेवला असावा. आमचंच गाणं डोंगरापलीकडून बारीक आवाजात परत आलं, आणि त्याच्यासोबत टक, टक-टक.

मालकांनी डोळे मिटले. त्यांचंही बोट त्याच तालात टेबलावर वाजू लागलं, माइकच्या अगदी शेजारी. माइक चालूच होता.

पलीकडची टकटक थांबली. मग ती पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा कितीतरी जोरात.