दोन घोड्या गाभडल्या, त्याचा तपास

खून, दरोडे पुष्कळ पाहिले, त्यातले निम्मे आता विसरलो. जन्माआधीच मेलेल्या दोन शिंगरांचं प्रकरण मात्र मनातून जात नाही, कारण त्यात मी भलत्याच माणसाला आत टाकायला निघालो होतो.

सोलापुरात भवानी पेठेत एक घोडीवाला राहायचा. नवरदेवाच्या वरातीला त्याच्या घोड्या जायच्या. ऐन लग्नसराईत त्याच्या दोन गाभण घोड्या एकाच आठवड्यात गाभडल्या. तो ठाण्यात आला तो आरोपी ठरवूनच. "साहेब, महिन्यापूर्वी सांगोल्याच्या एका मेंढपाळाकडनं घोडी घेतली. ती आल्यापासून तबेल्यात खोकला सुरू झालाय. जाणूनबुजून रोगट जनावर गळ्यात मारलं त्यानं. आत टाका त्याला."

पंचनामा केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली. जनावरांच्या सरकारी डॉक्टर बाईंनी विषबाधा नसल्याचं सांगितलं. सगळ्या घोड्यांच्या नाकातले आणि शिंगरांच्या फुफ्फुसाचे नमुने त्यांनी प्रयोगशाळेला पाठवले. मी कसला अहवालाची वाट पाहतोय! मेंढपाळाला दुसऱ्याच दिवशी उचलून आणलं.

"घोडी देताना आजारी होती का?"

तो मान खाली घालून बसला. गप्प बसणारा माणूस काहीतरी दडवत असतो, हे खरंच आहे. काय दडवतो ते मात्र आपण आपल्या सोयीनं ठरवतो. मी आवाज चढवला. तासाभरानं त्यानं तोंड उघडलं.

"व्हय साहेब. तिचं नाक गळत हुतं. मी पुसलं आन् बाजारात उभी क्येली. माझी बायकू मेंढरं घिऊन एकटी हाय मंगळवेढ्याच्या रानात. तिला तेवढा निरोप द्या."

कबुली मिळाली. मी अटकेचे कागद पुढे ओढले, तेवढ्यात डॉक्टर बाईंचा फोन आला. "अहवाल उद्या येतोय. एक दिवस थांबा की साहेब." थांबलो, तेही कुरकुरत.

"विषाणूंचीही घराणी असतात," दुसऱ्या दिवशी बाई ठाण्यात येऊन सांगू लागल्या. "तबेल्यात सापडलेले हे दोन विषाणू एकाच घराण्यातले, एक नंबर आणि चार नंबर. खोकला, शेंबूड दोघांचा सारखाच. जनुकं तपासली तरच वेगळे ओळखू येतात. मेंढपाळाच्या घोडीत चार नंबर निघाला. त्यानं सहसा नुसती सर्दी होते. शिंगरांच्या फुफ्फुसात एक नंबर आहे, तो गाभ पाडतो. आणि तोच, तसाच्या तसा, घोडीवाल्याच्या म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीच्या नाकात सापडलाय."

हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि जनावर दमलं की उठतो, असं त्या म्हणाल्या. म्हातारी तर लग्नसराईभर रोज टेम्पोतून वरातींना जात होती. पण तिची बांधायची जागा वेगळी होती, मग लागण झाली कशी? आम्ही तबेल्यात गेलो.

घोडीवाला तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "ही आमची लक्ष्मी. हिच्या पावलानं धंदा उभा राहिला. गाभण घोडीला रोज हिच्या तोबऱ्यातली उष्टी चंदी चारतो. पोटचं हिच्यासारखं निपजावं म्हणून."

त्या उष्ट्यातूनच विषाणू गाभण घोड्यांत गेला, हे बाईंनी त्याला हळूच समजावलं. त्यानं तिच्या मानेवरचा हात काढून घेतला. "म्हणजे मीच चारलं?" मला त्याचं फार वाईट वाटलं. प्रेमानं केलं होतं बिचाऱ्यानं.

ठाण्यात येऊन त्यानं मेंढपाळापुढे हात जोडले. "चुकलो. ती म्हातारी आजच काढून टाकतो."

मेंढपाळानं त्याचे हात धरले. "आवं, नगा काढू. तिला काय म्हाईत तिच्या अंगात काय हाय? निराळी बांधा, उष्टं देऊ नगा. आन् माझी घोडी मी माघारी न्येतो. फसिवलंच की मी तुमास्नी."

मी त्या माणसाची माफी मागितली नाही. वर्दीत ते जमलं नाही, याची आज लाज वाटते.

त्याची कबुली अक्षरशः खरी होती आणि तरीही शिंगरं त्यानं मारली नव्हती. त्यानंतर कुणी कबूल झालं की मी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारू लागलो. यानं हे केलं खरं, पण त्यामुळेच ते घडलं का? त्याआधीच्या वीस वर्षांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.