आर्नेलची आई सलालाहला आली होती

खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, सरत आला होता तेव्हा आमचं जहाज ओमानच्या सलालाह बंदरात लागलं. मी भारतीय नौदलात चीफ पेटी ऑफिसर होतो. दोर, नांगर आणि बोटी हे माझं काम. पलीकडच्या जेट्टीला अमेरिकी नौदलाचं जहाज होतं. दोन्ही जहाजांचा एकत्र सराव ठरला होता. अशा सरावात काही माणसं इकडची तिकडे देतात. त्यात माझं नाव लागलं.

तिथे मला पेटी ऑफिसर आर्नेलबरोबर दिलं. तो फिलिपिन्सचा. बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. बोट क्रूमध्ये पोहणारा, म्हणजे गरज पडली तर पाण्यात उतरणारा तो. पहिल्या सकाळी त्याने माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, एक सैल निघाला तो घट्ट केला आणि मगच हात पुढे केला.

त्याचे आजोबा याच नौदलात स्टुअर्ड होते. त्या काळी फिलिपिनो माणसाला तिथे तेवढंच मिळे. ऑफिसरांना वाढायचं, त्यांचे बूट चमकवायचे. आर्नेल भरती झाला तेव्हा आजीने फोनवर एकच विचारलं होतं, “डेकवर ना?”

मधली पिढी वडिलांची. ते कामासाठी अमेरिकेत गेले आणि शाळकरी आर्नेलला बोलावून घेतलं. आई आणि थोरली बहीण मारिसेल मागून जाणार होत्या. त्यांचे कागद होण्याआधी वडील वारले आणि कागद तिथेच थांबले. मुलगा तिकडे, आई गावी. आर्नेल नौदलात गेला, त्या नोकरीवर नागरिकत्व मिळालं. आता तो आईला नेणार होता. मारिसेल नर्स होऊन सलालाहच्या एका हॉस्पिटलात लागली होती. जहाज इथे येणार म्हटल्यावर तिने आईला व्हिजिट व्हिसावर बोलावलं. सराव संपला की आर्नेलला सुट्टी होती.

“इतक्या वर्षांनी आईशी काय बोलणार?” मी विचारलं.

“बोलणार काही नाही, चीफ. जेवणार.”

सरावाच्या शेवटच्या दिवशी, नाश्ता नुकताच झाला होता, रेडिओच्या चॅनल सिक्स्टीनवर, संकटातली जहाजं बोलतात त्यावर, हाक आली. हिंदीत. एक लाकडी लाँच, आपण गलबत म्हणतो तसली, मोसमाच्या पहिल्या फेरीला निघाली होती. माल भरलेली. पाणी शिरत होतं, पंप बंद पडला होता. खरीफ सरला तरी समुद्र शांत व्हायला वेळ लागतो. लाटा मोठ्या होत्या. मी होतो ते अमेरिकी जहाज सगळ्यांत जवळ होतं.

ब्रिजवरून मला बोलावलं. “तुला त्यांची भाषा येते?”

“येस सर.”

“बोटीत जा.”

रबर बोट खाली सोडली. आर्नेल पुढे, मी त्याच्या मागे, कॉक्सवेन सुकाणूवर. लाँच एका कुशीवर कलली होती. खलाशी कच्छचे. मी ओरडून सांगितलं, “एक एक करके. सामान छोडो.” ते लाट बघून उतरत होते. आर्नेल प्रत्येकाच्या कमरेला हात घालून आत ओढत होता. शेवटी लाँचचा तांडेल उतरला. त्याने माणसं मोजली आणि माझा दंड धरला.

“साब, भंडारी अंदर है. बूढ़ा है, चक्कर आया था.”

मी आर्नेलला सांगितलं, “एक माणूस आत आहे. स्वयंपाकी.”

आर्नेलने रेडिओ उचलला. “ब्रिज, बोट. वन मॅन स्टिल अबोर्ड. रिक्वेस्ट परमिशन.”

“बोट, ब्रिज. युअर कॉल.” म्हणजे निर्णय त्याचा.

त्याने कॉक्सवेनकडे बघितलं. कॉक्सवेनने मान हलवली. आर्नेल लाँचवर चढला.

तो म्हाताऱ्याला घेऊन बाहेर आला. म्हाताऱ्याचे पाय चालत नव्हते. आर्नेलने त्याला कठड्यावरून आमच्याकडे लोटलं. मी आणि तांडेलने त्याला धरलं. तेवढ्यात आलेल्या लाटेने लाँच पुरती उलटली. आर्नेल तिच्याखाली गेला. कॉक्सवेनने बोट मागे घेतली नसती तर आम्हीही गेलो असतो. आम्ही तिथेच घिरट्या घालत राहिलो. दुसरी बोट आली, हेलिकॉप्टर आलं. भंडारी माझ्या पायाशी बसून एकच विचारत होता, “वो लड़का कहाँ है?”

दुपार टळल्यावर आर्नेल सापडला.

जहाज सलालाहला परतलं. मी माझ्या कॅप्टनची परवानगी काढली आणि व्हाइट युनिफॉर्म घालून हॉस्पिटलच्या शवागारात गेलो. मारिसेल नर्सच्या कपड्यांतच होती. आई लहानखुरी. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने मुलाच्या तोंडाकडे फार वेळ बघितलं नाही. हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि काही बोलली.

मारिसेल म्हणाली, “म्हणते, हात वडिलांसारखे झालेत. मला माहीतच नव्हतं.”

मग आईने मला विचारलं. मारिसेलने सांगितलं, “पाणी थंड होतं का, विचारतेय.”

खरीफ सरतानाही तिथलं पाणी थंडच असतं. मी खरं ते सांगितलं. आईने मान हलवली.

आर्नेलला अमेरिकेत लष्करी मानाने पुरलं. नौदलाने आईला बोलावलं होतं, पण ती गेली नाही. म्हणाली, “नेणारा तिथे होता म्हणून जायचं होतं.” मारिसेलने तिला कायमचं आपल्याकडे ठेवून घेतलं.

मी निवृत्त झालो आणि सलालाहच्याच बंदरात, जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलट बोटीवर नोकरी धरली. दर वर्षी लाँचींचा मोसम सुरू झाला की मी या मायलेकींना गाडीतून जवळच्या मुगसैलच्या किनाऱ्यावर नेतो. आईला समुद्रात आत जायचं असतं, पण त्या दिवसांत लाटा मोठ्या असतात, आम्ही बोटवाले कुणाला नेत नाही. कच्छचा तो भंडारी दोन वर्षं यायचा. तिसऱ्या वर्षी तो गेल्याचा तांडेलचा फोन आला.

आई पाण्याजवळ जाते आणि मोठ्याने आर्नेलला हाक मारते. जेवण वाढल्यावर बाहेर खेळणाऱ्या मुलाला हाक मारतात तशी. मारिसेल तिच्या खांद्याला धरून असते. मी थोडा मागे थांबतो. माझ्या डोक्यावर आता कॅप नसते, आणि कॅप नसेल तर आमच्या नौदलात सॅल्यूट करत नाहीत. तिची हाक संपेपर्यंत मी सावधानमध्ये उभा राहतो.